दगडखाणीवरची हरकत मोजमापासह हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दगडखाण आणि खडी क्रशरच्या प्रस्तावांवरून होणाऱ्या वादांच्या बातम्या आपल्या दैनिकाच्या जिल्हा पानांवर वारंवार येतात. ग्रामसभेचा ठराव, तहसील कचेरीसमोर उपोषण, रस्त्यात अडवलेले डंपर आणि शेवटी पोलीस बंदोबस्तात सुरू झालेले काम, असा त्यांचा क्रम जवळजवळ ठरलेला असतो. 'प्रदूषण होईल, विहिरी आटतील, घरांना तडे जातील' एवढ्या मजकुराचा ठराव फाईलला लागतो आणि पुढच्याच पानावर 'हरकतीत तथ्य आढळून येत नाही' असा शेरा पडतो. शेरा मारणारा अधिकारी दर वेळी खाणवाल्याचा मिंधा असतो, असे मुळीच नाही. ठरावात तपासून पाहण्याजोगे काही नसेल तर तो तपासणार तरी काय?

खडी सगळ्यांनाच लागते, हे आधी मान्य करावे. घरकुलाच्या स्लॅबला लागते तशी ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गालाही लागते. दगडाचा भाव थोडा आणि वाहतुकीचा खर्च मोठा, त्यामुळे खाण कामाच्या जवळच निघणार. म्हणजे 'खाण नकोच' म्हणून हा प्रश्न सुटत नाही. खाण कोणत्या गटात, किती खोल, किती वर्षे आणि कोणत्या अटींवर, एवढ्यावरच खरा वाद होऊ शकतो. त्या वादाची वेळ फार लवकर येते आणि बहुतेक गावांच्या हातून ती निसटते.

दगड, मुरूम, वाळू ही गौण खनिजे. केंद्राच्या १९५७ च्या खाणी व खनिजे कायद्याच्या कलम १५ ने त्यांच्याबाबत नियम करण्याचा अधिकार राज्यांना दिला आणि आपल्याकडे २०१३ चे महाराष्ट्र गौण खनिज उत्खनन नियम लागू आहेत. जमीन खासगी असली तरी खनिजावरचा हक्क महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ नुसार सरकारचा, म्हणून परवानगी जिल्हाधिकाऱ्यांची लागते. पण ती एकटी पुरत नाही. इरादापत्रानंतर (खाण देण्याची तयारी दाखवणाऱ्या सरकारी पत्रानंतर) खाणकाम आराखडा, त्यानंतर पर्यावरण मंजुरी, त्यानंतर प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती आणि मग पट्ट्याचा, म्हणजे खाणीसाठी दिलेल्या क्षेत्राचा, करारनामा अशी साखळी आहे. क्रशर वेगळ्या गटात बसणार असेल तर त्याची अकृषिक परवानगी आणि मंडळाची संमतीही वेगळी. प्रत्येक टप्प्यावर वेगळे कार्यालय वेगळा प्रश्न तपासते. सगळ्यांना एकच ठराव पाठवला की प्रत्येक कार्यालय 'आमच्या कक्षेत येत नाही' असे लिहून मोकळे होते.

दीपक कुमार विरुद्ध हरियाणा राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २७ फेब्रुवारी २०१२ रोजी ५ हेक्टरपेक्षा लहान गौण खनिज पट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी आवश्यक ठरवली. तोपर्यंत लहान पट्टे त्या चाळणीतून सुटत होते. आता मंजुरी सर्वांना लागते, जनसुनावणी मात्र सर्वांसाठी होत नाही. ती ५ हेक्टरवरच्या पट्ट्यासाठी, किंवा शेजारचे पट्टे मिळून समूहाचे क्षेत्र ५ हेक्टरवर गेले तर. दोन-तीन हेक्टरच्या सुट्या खाणीसाठी सुनावणी नाही. 'सुनावणीत बघून घेऊ' म्हणून गाव थांबते आणि मंजुरीची प्रत थेट काम सुरू झाल्यावर पाहते.

म्हणूनच ४.९० हेक्टरचे अर्ज इतके दिसतात. एका भावाचा गट ४.८०, शेजारी दुसऱ्याचा ४.९०, पलीकडे भागीदाराचा ४.७५. कागदावर तीन लहान खाणी, प्रत्यक्षात साडेचौदा हेक्टरांचा एकच खड्डा. याला उत्तर कायद्यातच आहे. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या १५ जानेवारी २०१६ च्या अधिसूचनेनुसार एकाच प्रकारच्या खनिजाच्या दोन पट्ट्यांच्या हद्दींमधले अंतर ५०० मीटरपेक्षा कमी असेल तर ते एका समूहात धरायचे. ५०० मीटर मोजायचे ते हद्दीपासून हद्दीपर्यंत, खड्ड्याच्या मध्यापासून नव्हे. काही जुने पट्टे या हिशेबातून वगळलेले आहेत, म्हणून शेजारच्या प्रत्येक पट्ट्याची मंजुरीची तारीख मागवावी लागते. समूह सिद्ध झाला की जनसुनावणी लागते आणि धूळ, पाणी व वाहतूक यांचा हिशेबही एकत्र करावा लागतो.

त्याच अधिसूचनेने जिल्हा सर्वेक्षण अहवाल आणला. जिल्ह्यात कोठे दगड काढता येईल आणि कोठे नाही, याचा तो पायाभूत दस्तऐवज. दर पाच वर्षांनी तो नव्याने करायचा असतो आणि मसुदा जिल्ह्याच्या संकेतस्थळावर २१ दिवस हरकतींसाठी ठेवावा लागतो. खाणीचे नकाशावरचे पहिले पाऊल येथे पडते. या २१ दिवसांत दिलेल्या दोन पानी हरकतीचा जितका उपयोग होतो, तितका नंतरच्या दोन महिन्यांच्या उपोषणाचा क्वचितच होतो. तरी या हरकती फारशा कोणी देत नाही, कारण मसुदा आला हेच गावाला कळत नाही.

खाणकाम आराखडा हा सगळ्या प्रकरणाचा कणा. तो इंग्रजीत आणि जाडजूड असतो, पण वाचायला अवघड नाही. साध्या भूमितीने त्याची परीक्षा घेता येते. समजा पट्टा २०० मीटर लांब आणि १०० मीटर रुंद, म्हणजे २ हेक्टरचा आहे आणि खोली १२ मीटर दाखवली आहे. आराखड्यात २ लाख ४० हजार घनमीटर दगड लिहिला असेल तर तो चुकीचा आहे. हद्दीच्या आत ७.५ मीटर जागा चारही बाजूंनी सोडावीच लागते; खोदायला उरते १८५ गुणिले ८५ मीटर. ६ मीटर उंच आणि ६ मीटर रुंद पायऱ्या ठेवल्या, तर खालच्या पायरीचे क्षेत्र १७३ गुणिले ७३ मीटर भरते. दोन्ही थर मिळून जेमतेम १ लाख ७० हजार घनमीटर. मधले ७० हजार घनमीटर कोठून येणार? एक तर हद्द खाऊन किंवा पायऱ्या न ठेवता सरळ कडा खोदून. हद्द खाल्ली की शेजाऱ्याचा बांध पावसाळ्यात खाणीत येतो. सरळ कडा ठेवला की त्याच्या पायथ्याशी पोकलेन चालवणाऱ्याचा जीव जातो. एवढी एक बेरीज हरकतीत मांडली तर आराखडा मान्य करणाऱ्या अधिकाऱ्याला लेखी उत्तर द्यावे लागते.

ब्रासच्या हिशेबातही गोम आहे. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, अर्थात २.८३ घनमीटर. पण अखंड दगडाचा एक घनमीटर फोडून खडी केली की तो सुमारे दीडपटीहून अधिक फुगतो. वरच्या उदाहरणातला दगड जागेवर सुमारे ६० हजार ब्रास भरतो आणि फोडल्यावर ट्रकमध्ये ९६ हजार ब्रासच्या आसपास. स्वामित्वधन (रॉयल्टी) कोणत्या मापावर घेतले आणि वाहतूक परवाने कोणत्या मापावर दिले, हे एकदा स्पष्ट लिहून घेतले नाही तर खाणवाला आणि महसूल खाते या दोघांनाही आपापल्या सोयीचे माप वापरता येते. ईटीएस या इलेक्ट्रॉनिक मोजणी यंत्राने खड्ड्याची मोजणी करून येणारा आकडा जागेवरच्या दगडाचा असतो. तो आणि परवान्यांची बेरीज एकमेकांशी थेट जुळत नाहीत. फुगवट्याचा गुणक कोणता धरला, हे विचारावेच लागते. परवानगीबाहेर काढलेल्या दगडाला कलम ४८(७) खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आहे. हे माप चुकीचे धरले गेले की दंडाची नोटीस अपिलात टिकत नाही.

सुरुंगांबद्दल गावाची भीती खरी असते, मागणी मात्र चुकीची असते. 'ब्लास्टिंग बंद करा' असे म्हटले की 'नियंत्रित ब्लास्टिंग करू' असे उत्तर येते आणि विषय संपतो. नियंत्रित म्हणजे काय, ते आकड्यांत मागावे. जमिनीच्या कंपाची मर्यादा खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या १९९७ च्या परिपत्रकात आहे. खाणमालकाच्या मालकीच्या नसलेल्या राहत्या घरांपाशी, कंपाची वारंवारता ८ हर्ट्झपेक्षा कमी असेल तर सेकंदाला ५ मिलिमीटर, ८ ते २५ हर्ट्झला १० आणि त्याहून जास्त असेल तर १५ मिलिमीटर. पुरातन किंवा नाजूक वास्तूंसाठी हेच आकडे २, ५ आणि १० आहेत. गावात हेमाडपंती देऊळ किंवा जुनी गढी असेल तर हा दुसरा तक्ता लागू करून घ्यावा. फाईलमध्ये त्याचा उल्लेख सहसा नसतो.

कंप ठरतो दोन गोष्टींवर: अंतर आणि एका क्षणी उडणारा भार. एकूण किती किलो स्फोटक वापरले याला तुलनेने कमी महत्त्व आहे. ११५ मिलिमीटर व्यासाच्या आणि ६ मीटर खोल भोकात ३५ ते ४० किलो स्फोटक बसते. २० भोके मिलिसेकंदांच्या अंतराने एकेक करून उडवली तर घराला जाणवणारा धक्का साधारण एका भोकाएवढाच असतो. असा ठरावीक उशिराने स्फोट घडवणारे डिले डिटोनेटर महाग पडतात म्हणून दोन-दोन भोके एकाच डिलेवर जोडली की कंप सुमारे पावणेदोन पट होतो. अंतर निम्मे झाले तर तो साधारण तिप्पट. म्हणजे खाणीचा फेस, म्हणजे खोदकामाचा पुढचा कडा, ३०० मीटरवरून पुढे सरकत दीडशे मीटरवर आला की पहिल्या वर्षी निर्धोक असलेला भार तिसऱ्या वर्षी घातक ठरतो. अट 'एका डिलेला कमाल इतके किलो, घरापासूनच्या अंतरानुसार' अशी तक्त्याच्या रूपात असली पाहिजे आणि कंपमापक यंत्र सर्वांत जवळच्या घरापाशी लावले पाहिजे. ते खाणीच्या कार्यालयाशेजारी लावले तर हव्या त्या बाजूची नोंद मिळवता येते.

उडणारे दगड हा वेगळा विषय. भोकाच्या तोंडाशी दाबलेली माती कमी पडली, समोरचा दगड अपेक्षेपेक्षा पातळ निघाला किंवा बेसाल्टमधल्या (आपल्याकडच्या काळ्या दगडातल्या) पोकळीत स्फोटक जास्त भरले गेले, तर दगड लांब जातो. सर्वांत जास्त त्रास देतो तो मोठे डबर फोडण्यासाठी वरून चिकटवलेला सुरुंग. आवाजही त्याचाच मोठा. त्याऐवजी पोकलेनला ब्रेकर लावून डबर फोडता येते, आणि ही अट घालायला कोणतीही तांत्रिक अडचण नाही. ब्लास्टिंगच्या वेळी ५०० मीटरच्या आत माणसे नसावीत, असा खाण सुरक्षेचा दंडक आहे. त्या वर्तुळात शेतरस्ता, शाळेची वाट किंवा विहिरीवरची मोटार येते का, हे गावनकाशावर वर्तुळ काढून दाखवावे. वर्तुळ पट्ट्याच्या हद्दीवरून काढायचे.

अंतराबाबत फसवणूक बहुतेक वेळा एकाच जागी होते. अर्जात 'गावठाणापासून १.२ किलोमीटर' असे लिहिलेले असते आणि ते खरेही असते. पण मळ्यातली वस्ती, वाडी, धनगरवाडा हे गावठाणात येत नाहीत आणि जुन्या टोपोशीटवर (सर्वेक्षण नकाशावर) दिसत नाहीत. सातबाऱ्यावर घराची नोंद असेलच असे नाही. अशी १०-१२ घरे हद्दीपासून १८० मीटरवर असतात आणि कागदावर ती जन्मालाच आलेली नसतात. मिळकत नोंद, वीजबिल, घरपट्टीची पावती आणि उपग्रह छायाचित्रावर मोजलेले अंतर एवढे जोडले की 'वस्ती नाही' हा शेरा टिकत नाही. पट्ट्याच्या कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश आराखड्यात असतात आणि पर्यावरण मंजुरीच्या अर्जाबरोबर परिवेश संकेतस्थळावर चढवलेले असतात. तेच वापरावेत. डोळ्याने अंदाज केला तर समोरचा वकील पहिल्याच प्रश्नात हरकत मोडतो.

घरांच्या तड्यांबाबत एक अप्रिय गोष्ट सांगायला हवी. काळ्या मातीवर उथळ पायाची घरे खाण नसतानाही तडकतात. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. खाण सुरू झाल्यावर काढलेल्या तड्याच्या फोटोला त्यामुळे पुरावा म्हणून किंमत राहत नाही. पहिला सुरुंग उडण्यापूर्वी ५०० मीटरच्या आतल्या प्रत्येक घराची पाहणी झाली पाहिजे. प्रत्येक भिंतीचा फोटो, असलेल्या तड्याशेजारी पट्टी धरून त्याची रुंदी, तारीख, घरमालकाची आणि खाणवाल्याच्या प्रतिनिधीची सही, हे सगळे त्यात हवे. तड्यावर काचेची पट्टी सिमेंटने चिकटवून ठेवली तर तडा पुढे सरकताच काच फुटते. खर्च नगण्य, पुरावा पक्का. ही पाहणी खाणवाल्याच्याही फायद्याची आहे, कारण पुढे खोट्या भरपाईच्या दाव्यांतून त्याची सुटका होते.

विहिरींचेही तसेच. महाराष्ट्राचा सुमारे चार-पंचमांश भाग बेसाल्टचा. या दगडात पाणी सलग साठत नाही. भेगाळलेल्या आणि सच्छिद्र थरांतून ते वाहते. खाणीचा तळ त्या थराला जाऊन भिडला की शेजारच्या विहिरींचे पाणी खाणीत उतरते आणि खाणवाला ते पंपाने नाल्यात सोडतो. पण प्रत्येक खाणीने विहीर आटत नाही. माथ्यावरच्या खाणीचा तळ खालच्या विहिरींच्या पाणीपातळीच्या वर असेल तर पाणी ओढले जाण्याचा मुद्दा चालत नाही. तेथे गढूळ पाणी आणि ओढ्यात येणारा गाळ हे मुद्दे मांडावेत. म्हणून खाणीच्या तळाची आणि विहिरींतल्या पाण्याची पातळी एकाच आधारबिंदूवरून मोजलेली हवी. खाणवाला 'जमिनीपासून १२ मीटर' सांगतो, शेतकरी 'काठापासून ३० फूट' सांगतो, आणि दोन जमिनींच्या उंचीत २० मीटरचा फरक असतो. असे दोन आकडे समोरासमोर ठेवून काहीच सिद्ध होत नाही.

विहिरींच्या पातळीची नोंद मे महिन्यात आणि ऑक्टोबरमध्ये घ्यावी. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींच्या नोंदींशी ती ताडून पाहता येते. पाऊस कमी झाला म्हणून पातळी उतरली की खाणीमुळे, हे वेगळे काढायला लांबची एक विहीर तुलनेसाठी मोजावीच लागते. खोदकाम भूजलपातळीच्या खाली जाणार असेल तर केंद्रीय भूजल प्राधिकरणाचे ना-हरकत पत्रही लागते. ते फाईलमध्ये नसेल तर आराखड्यातली खोली कोणत्या आधारावर मान्य झाली, असा सरळ प्रश्न आहे.

धुळीच्या हरकतींत 'सिलिकोसिस होईल' हे वाक्य हमखास असते. बेसाल्टमध्ये मुक्त क्वार्ट्झ फार थोडे असते; हा मुद्दा ग्रॅनाइट किंवा क्वार्ट्झाइटच्या खाणीत जेवढा जोरकस, तेवढा येथे नाही. पर्यावरण मंजुरीच्या तज्ज्ञ समितीसमोर तो पहिल्या क्रमांकावर मांडला तर बाकीच्या हरकतींचेही वजन घटते. धुळीची खरी हरकत क्रशरच्या यंत्रणेवर घ्यावी. जबड्याच्या क्रशरपेक्षा जास्त धूळ दुसऱ्या टप्प्यातले क्रशर, चाळण्या आणि माल वाहणाऱ्या एका पट्ट्यावरून (कन्व्हेयरवरून) दुसऱ्यावर माल पडतो त्या जागा उडवतात. पाण्याचे फवारे बसवलेले असतात, पण बंद ठेवले जातात. ओली चुरी चाळणीच्या बारीक जाळीत अडकते आणि उत्पादन घटते, हे त्यामागचे व्यवहारी कारण. त्यामुळे 'पाणी मारा' ही अट पाळली जाणार नाही, हे आधीच गृहीत धरावे. चाळण्या आणि क्रशर पत्र्याने पूर्ण बंदिस्त करून धूळ शोषणारी पिशव्यांची यंत्रणा लावणे आणि फवारे फक्त दगड ओतण्याचे हॉपर, ढीग आणि अंतर्गत रस्त्यावर ठेवणे, ही टिकणारी मागणी आहे.

पर्यावरण संरक्षण नियमांत खडी क्रशरसाठी वारा अडवणारी भिंत, आवारात पक्का रस्ता, झाडांचा पट्टा आणि धूळ अडवणारी-दाबणारी यंत्रणा यांची सक्ती आहे. यंत्रापासून ३ ते १० मीटरवर तरंगत्या धुळीची मर्यादा घनमीटरला ६०० मायक्रोग्रॅम आहे. मोजणी सुट्टीच्या दिवशी किंवा पाऊस पडून गेल्यावर झाली असेल तर अहवालात त्या दिवशीचे उत्पादन किती टन होते, हे विचारावे. द्राक्षाच्या किंवा डाळिंबाच्या बागा वाऱ्याच्या दिशेला असतील तर क्रशरकडून बागेकडे वारा असणारे महिने आणि फुलोरा-मणी धरण्याचे महिने एकाच तक्त्यात मांडावेत. पानांवर धूळ बसल्याचे नुसते फोटो देऊन नुकसानीचा आकडा निघत नाही.

रस्ता हा सर्वांत दुर्लक्षित मुद्दा, आणि तोच सर्वांत सहज सिद्ध होतो. वरच्या उदाहरणातले १ लाख ७० हजार घनमीटर म्हणजे सुमारे पावणेपाच लाख टन. १८ टन माल नेणाऱ्या हायवाच्या (डंपरच्या) साडेसव्वीस हजार फेऱ्या. पाच वर्षे, वर्षाला ३०० दिवस धरले तर रोज भरलेल्या १८ गाड्या, जाऊन-येऊन ३६. दहा तासांच्या दिवसात दर १७ मिनिटांनी एक अवजड गाडी, तीही ३.७५ मीटर रुंदीच्या एकेरी गावरस्त्यावर. रस्त्याची आखणी ८.१६ टनांच्या प्रमाण आसाच्या (अ‍ॅक्सलच्या) हिशेबाने होते आणि नुकसान भाराच्या चौथ्या घाताने वाढते. कायद्याने चालणाऱ्या ११.५ टनांच्या एका आसाने जवळपास चौपट, तर १४ टन लादलेल्या आसाने साडेआठपटीहून जास्त नुकसान होते. म्हणजे ज्या रस्त्याला दहा वर्षे टिकायचे आहे तो दोन पावसाळ्यांत उखडतो आणि दुरुस्ती जिल्हा परिषदेच्या माथी येते. परवानगी देतानाच वाहतुकीचा मार्ग नावानिशी ठरवावा, शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळा वगळाव्यात, खाणीच्या दारात वजनकाटा सक्तीचा करावा आणि रस्ता दुरुस्तीची अनामत घ्यावी. शिवरस्ता किंवा पाणंद रुंद करून वापरणार असतील तर आधी भूमि अभिलेख विभागाची मोजणी लागते. पाणंदीची वहिवाट एकदा डंपरखाली गेली की बैलगाडीला जागा राहत नाही.

ग्रामसभेच्या ठरावाच्या ताकदीबद्दल मोठा गैरसमज आहे. अनुसूचित (आदिवासी) क्षेत्रात तेथील पंचायतींसाठीच्या १९९६ च्या पेसा कायद्याच्या कलम ४ नुसार गौण खनिजाच्या पट्ट्यापूर्वी ग्रामसभेची किंवा योग्य स्तरावरच्या पंचायतीची शिफारस बंधनकारक आहे. इतर गावांत ठराव ही हरकत असते, नकाराधिकार नव्हे. त्यामुळे तेथे ठरावातला मजकूरच महत्त्वाचा. गट क्रमांक, अंतरे, घरांची आणि विहिरींची यादी, रस्त्याची रुंदी, सगळे ठरावातच यावे आणि आवक क्रमांकासह पोहोच घ्यावी.

जनसुनावणी होणार असेल तर किमान ३० दिवस आधी एका राष्ट्रीय आणि एका प्रादेशिक भाषेच्या दैनिकात नोटीस आवश्यक आहे. पर्यावरणावरील परिणामांच्या अहवालाचा सारांश मराठीत ठेवावा लागतो. अतिरिक्त जिल्हाधिकारी दर्जाच्या खाली नसलेला अधिकारी अध्यक्ष असतो, चित्रीकरण होते आणि इतिवृत्त तेथेच स्थानिक भाषेत वाचून दाखवायचे असते. गणसंख्येची अट नाही, म्हणून बहिष्कार टाकून सुनावणी रद्द होत नाही. उलट 'हरकत आली नाही' अशी नोंद पडते. व्यासपीठ उधळून लावणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. बोललेले इतिवृत्तात नीट उतरले नाही तर त्याच जागी लेखी निवेदन द्यावे.

मंजुरी मिळालीच तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे अपिलाची मुदत ३० दिवसांची आहे, सबळ कारण असेल तर आणखी ६० दिवस. त्यानंतर दार बंद. पश्चिम विभागाचे खंडपीठ पुण्यात आहे. अपील करायचे नसेल तरी मंजुरीपत्रातल्या अटी वाचून काढाव्यात. खाणवाल्याने दर वर्षी १ जून आणि १ डिसेंबरला अनुपालन अहवाल द्यायचा असतो. माहितीच्या अधिकारात तो मागवला की कंपमापनाच्या नोंदी, लावलेली झाडे, बांधलेल्या भिंती यांचे दावे जागेवर जाऊन पडताळता येतात. बहुतेक खाणी अटीभंगावर अडकतात. मूळ परवानगीच चुकीची ठरण्याचे प्रसंग त्यामानाने कमी.

शेततळे, जमीन सपाटीकरण, तात्पुरता परवाना ही मुरूम-दगड काढायची मागची दारे आहेत. एकाच गटावर वारंवार तात्पुरते परवाने दिसले तर ती खाणच समजून पर्यावरण मंजुरी मागावी, एवढे येथे पुरे.

जिल्हा प्रशासनाकडे आमची मागणी मोठी नाही. इरादापत्र देताच खाणकाम आराखड्याची प्रत, पट्ट्याच्या कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश, ५०० मीटरमधल्या इतर पट्ट्यांची यादी आणि वाहतुकीचा मार्ग दाखवणारा नकाशा ग्रामपंचायतीच्या फलकावर मराठीत लावावा. घरे आणि विहिरींची पूर्वपाहणी खाणवाल्याच्या खर्चाने, पण तलाठी आणि ग्रामपंचायतीच्या साक्षीने, काम सुरू होण्यापूर्वी पूर्ण झाली पाहिजे आणि तिची एक प्रत प्रत्येक घरमालकाकडे राहिली पाहिजे. खाण बंद होताना उरणाऱ्या खड्ड्याचे कुंपण, कड्यांच्या पायऱ्या आणि बाजूला ठेवलेल्या वरच्या मातीचा वापर यांची अनामत आधीच घ्यावी. खड्डा पाण्याने भरल्यावर पोरे पोहायला उतरतात आणि सरळ कड्यावरून वर येता येत नाही. दर उन्हाळ्यात अशा बुडण्याच्या बातम्या आपणच छापता.

आपल्या दैनिकाकडेही एक विनंती आहे. जनसुनावणीची आणि जिल्हा सर्वेक्षण अहवालाची नोटीस आतल्या पानावर बारीक अक्षरांत येते. ती आली की त्या तालुक्याच्या पानावर गावाचे नाव, गट क्रमांक, क्षेत्र, खोली, हरकतीची शेवटची तारीख आणि हरकत कोणत्या कार्यालयात द्यायची, एवढ्या सहा गोष्टी चार ओळींच्या बातमीत द्याव्यात. विरोध आणि समर्थनाच्या बातम्यांतही हेच तपशील असावेत. 'ग्रामस्थ आक्रमक' या मथळ्याखाली पट्टा किती हेक्टरांचा आहे हे बहुधा कोठेच सापडत नाही.

आपले,
खनन, भूजल आणि ग्रामीण रस्ते या क्षेत्रांत काम करणारे काही अभियंते